ओव्हनला भाव कळत नाही

जून उजाडला की सिअ‍ॅटलच्या आसपासच्या मराठी घरांत ‘हापूस’ मागे पडतो आणि ‘रेनियर’ पुढे सरकते. मेअखेरपर्यंत ‘पेटी मिळाली का, कितीला पडली, खालच्या थरात डागी किती निघाले’ अशी चौकशी करणारी माणसं एकाएकी ‘रेनियर आली का बाजारात?’ असं विचारू लागतात. सूर तोच, काळजी तीच, फळ तेवढं बदललेलं. उन्हाळ्यात एखाद्या महाग फळाची चिंता वाहिल्याशिवाय मराठी माणसाला जेवण अंगी लागत नाही. देवगड हाताशी नसलं तर तो याकिमा खोऱ्याची वाहतो.

रेनियर ही पिवळ्या अंगाची, गालावर लाली असलेली गोड चेरी. वॉशिंग्टन राज्यात प्रॉसर नावाचं गाव आहे. तिथल्या संशोधन केंद्रात हॅरल्ड फोगल यांनी १९५२ साली बिंग आणि व्हॅन या दोन जातींचा संकर केला. दोन्ही जाती काळपट लाल, आणि पोटी आली ही पिवळीधमक. ‘कोणावर गेली?’ असं विचारणारी आजी प्रॉसरला नव्हती, म्हणून संशोधन पुढे सरकलं. या चेरीला नाव दिलं ते त्या राज्यातल्या सर्वांत उंच पर्वताचं. नाव मोठं ठेवलं की लाडही मोठेच करावे लागतात. लाली नीट चढावी म्हणून झाडांच्या ओळींमध्ये चकाकतं कापड अंथरतात, म्हणजे ऊन खालूनही लागतं. पिकलेल्या चेरीवर पाऊस पडला की ती पाणी पिऊन तडकते. मग पाऊस थांबताच बागांवरून हेलिकॉप्टर फिरवतात, त्याच्या वाऱ्याने फांद्यांवरचं पाणी उडवून लावतात. जावईबापूंनी हे कौतुकाने सांगितलं, तेव्हा आमच्या हिने फक्त एवढंच विचारलं, “अंग पुसायला हेलिकॉप्टर? टॉवेल महाग आहेत का हो इकडे?”

इथवर सगळं ठीक होतं. बाजारातून आणावी, धुवावी, वाडग्यात घ्यावी, बिया वाटीत टाकाव्यात. पण अमेरिकेत घर घेतलं की त्याबरोबर ओव्हन येतो, आणि घोटाळा तिथे होतो. मराठी घरात पहिली काही वर्षं या ओव्हनमध्ये कढया राहतात. नंतर पिठाचे डबे, भारतातून आणलेला कुकर, एखादं न वापरलेलं अप्पेपात्र. मग मूल शाळेत जायला लागतं, शाळेत ‘बेक सेल’ निघतो, आणि एका शनिवारी त्या कढया बाहेर काढून ओट्यावर मांडल्या जातात. घरातली बाई (हल्ली बुवाही) बेकर झाल्याची ती खूण. पुढचा प्रश्न असतो, केक कशाचा? जून असेल तर उत्तर ठरलेलं: चेरीचा. आणि चेरी कोणती? घरात जी सर्वांत महाग असेल ती.

आपल्या स्वयंपाकघराचा हा जुना नियम आहे, ‘घालावं तसं होतं’. शिऱ्यात तूप चांगलं घातलं की शिरा चांगला होतो, पुरणात गूळ चांगला घातला की पुरण. त्यामुळे केकमध्ये रेनियर घातली की केक रेनियरसारखाच होणार, याविषयी लेकीच्या घरात कोणालाच शंका नव्हती. मी त्या वेळी सोफ्यावर होतो. मत देण्याचा प्रश्न नव्हता, कारण ते कोणी मागितलं नव्हतं.

केक फुगला छान. कापला, तेव्हा आत चेरी कुठे आहे हे शोधावं लागलं. पिवळा रंग केकच्या रंगात मिसळून गेला होता, आणि ज्या लालीसाठी जमिनीवर कापडं अंथरली होती ती पार उतरून तिथे फिकट तपकिरी, सुरकुतलेले तुकडे उरले होते. चव? गोड. नुसती गोड. साखर आधीच केकमध्ये होती, तिच्यात आणखी थोडी ओली साखर पडल्यासारखी. पण तो रेनियरचा केक असल्याने पाहुण्यांनी ‘काय सुरेख स्वाद आलाय’ असं म्हटलं. डॉलरमध्ये घेतलेल्या वस्तूला नावं ठेवायची हिंमत आपल्या लोकांत अजून आलेली नाही.

कारण साधं आहे. गोड चेरीत साखर भरपूर आणि आंबटपणा बेताचा. कच्ची खाताना हे खपून जातं, कारण तिथे गारवा असतो, साल दाताखाली फुटते, रस उडतो. ओव्हनमध्ये अर्धा-पाऊण तास काढल्यावर यातलं काही शिल्लक राहत नाही. साल मऊ पडते, गारव्याचा प्रश्नच नाही, आणि नाकाला सुखावणारे हलके वास उडून जातात. उरतो तो गोडवा, आंबटपणा आणि रंग. रेनियरमध्ये आंबटपणा आधीच कमी, रंग वरवरचा. बिंगसारख्या काळ्या चेरीत रंग थेट गरापर्यंत मुरलेला, गर घट्ट, आणि गोडीच्या मागे थोडा आंबट धागा. म्हणून जी वाडग्यात राणी, ती केकमध्ये कोणीच नाही; आणि वाडग्यात जिला ‘नेहमीचीच’ म्हणून बाजूला सारतात, ती केकमध्ये उभी राहते. तीही लिंबाचा रस पिळल्यावर आणि साखरेला कात्री लावल्यावर. कृतीत लिहिलेली साखर जशीच्या तशी घालणारा माणूस गोड चेरीला न्याय देऊ शकत नाही.

बिंगचा इतिहास जावईबापूंना सांगितला तो मीच. म्हातारपणी वाचन एवढ्यासाठीच करायचं असतं. १८४७ साली लुएलिंग घराण्यातल्या हेंडरसनने आयोवाहून ओरेगनपर्यंत बैल जुंपलेल्या गाड्यांमधून शेकडो फळझाडांची रोपं नेली. वाटेत डोंगर, नद्या, वाळवंट. माणसांना प्यायला पाणी मिळेना तिथे हा रोपांना घालत होता. बरोबरच्या लोकांनी त्याला काय म्हटलं असेल याची मला कल्पना करवते, कारण आमच्याकडे एसटीतून कुंड्या नेणारा एक मामा होता. हेंडरसनच्या धाकट्या भावाने, सेथने, ओरेगनमधल्याच मिलवॉकी गावच्या रोपवाटिकेत १८७५ साली एक नवी काळी चेरी निवडली आणि तिला आपल्या चिनी मुकादमाचं नाव दिलं. त्याचं नाव आ बिंग. सहा फुटांहून उंच होता म्हणतात. पुढे १८८९च्या सुमारास तो घरच्यांना भेटायला चीनला गेला, आणि चिनी मजुरांना देशात येऊ न देणाऱ्या त्या वेळच्या कायद्यांमुळे त्याला परत येता आलं नाही, असं सांगतात. चेरी मात्र अमेरिकेतली सर्वांत प्रसिद्ध गोड चेरी झाली.

जावईबापू एच-वन-बी व्हिसावर आहेत. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हणजे बाबा, स्टॅम्पिंगला गेला आणि अडकला.” त्या दिवसापासून त्यांनी बिंगच्या विरोधात शब्द काढलेला नाही.

एवढ्यावर भागलं असतं तर तो आयटीतला माणूस कसला? त्यांनी परसात चेरीचं झाड लावायचं ठरवलं आणि रोपवाटिकेत गेल्यावर कळलं की बिंगला एकट्याने फळ धरत नाही. तिला दुसऱ्या जातीचे पराग लागतात. ते म्हणाले, मग लॅम्बर्ट लावतो; तीही त्याच मिलवॉकीची. तिथली बाई म्हणाली, चालणार नाही. मग नेपोलियन, जिला इकडे रॉयल अ‍ॅन म्हणतात? तीही नाही. बिंग, लॅम्बर्ट आणि नेपोलियन या तिघी परागीकरणाच्या हिशेबात एकाच गटात मोडतात, एकमेकींच्या परागांनी फळ धरत नाहीत. म्हणजे चक्क सगोत्र. हे ऐकल्यावर आमच्या हिचा अमेरिकेविषयीचा आदर एकदम वाढला. “बघा, झाडंसुद्धा पाळतात,” असं ती फोनवर पुण्यातल्या तीन बहिणींना सांगत होती. कॅनडातल्या समरलँडच्या संशोधन केंद्राने १९६८ मध्ये स्टेला नावाची जात आणली. तिला जोडीदारच लागत नाही, आपली आपण फळते. ही माहिती मी हिला अद्याप दिलेली नाही. स्टेला आणि व्हॅनची लेक लॅपिन्स. तीही आईसारखीच स्वतंत्र, काळपट, घट्ट गराची आणि केकला उत्तम. अखेर परसात तीच लागली. फळ येईल तेव्हा येईल, निदान पत्रिका पाहावी लागली नाही.

आता बिया. चेरीचा केक करणं म्हणजे नव्वद टक्के बिया काढणं आणि दहा टक्के केक करणं. यासाठी बाजारात यंत्रं मिळतात. जावयांकडे एक आहे, एका दाबात सहा बिया काढणारं. त्यात चेरी देठाची बाजू वर करून बसवावी लागते. तिरकी बसली की दांडा बीला चुकवून गरातून आरपार जातो, बी आत तशीच राहते आणि वरून भोक दिसल्यामुळे ती निघाली असं वाटतं. म्हणजे यंत्राने काम केलं नाही, पण केल्याची पावती दिली. हिने यंत्र बाजूला सारलं आणि केसांतला आकडा काढला. गरम पाण्यातून काढून पुसला. त्याची वळलेली बाजू देठाच्या खळग्यातून आत सारायची, बीच्या खाली नेऊन किंचित फिरवायची, उचलायची. बी टप्प दिशी वाटीत. फळ अखंड. एक थेंब रस मनगटावरून कोपरापर्यंत ओघळायचा आणि तिथून साडीवर. तासाभरात वाटी भरली, तेव्हा हिचे हात पाहून नातवाने “आजी, तू कोणाला मारलंस?” असं काळजीने विचारलं. तो डाग बोटांवरून दोन दिवसांनी गेला, साडीवरून जाईल असं वाटत नाही.

फ्रान्सच्या लिमूझँ प्रांतातल्या बायका याबाबतीत शहाण्या. तिथे काळ्या चेरी भांड्यात पसरतात, वरून अंडी, दूध, पीठ आणि साखर यांचं पातळसर मिश्रण ओततात आणि भट्टीत ठेवतात. त्याला म्हणतात क्लाफुती. चेरीच्या बिया काढतच नाहीत. बीमुळे बदामासारखा मंद वास येतो आणि रसही बाहेर सांडत नाही, असं समर्थन. ते खरंही आहे. चेरी आणि बदाम एकाच कुळातले, त्या वासाचा मूळ पदार्थही एकच. म्हणूनच चेरीच्या केकमध्ये बदामाच्या इसेन्सचे दोन थेंब घातले की चेरी अधिक चेरीसारखी लागते. पण बी न काढण्याला परंपरा म्हणायचं आणि पाहुण्याच्या दाताला नशीब म्हणायचं, ही हातोटी मला आदरणीय वाटते. आपल्याकडे कोणी बीसकट काही वाढलं असतं तर सासूने जन्मभर ऐकवलं असतं.

दुसरा धोका सोड्याचा. लेकीच्या एका मैत्रिणीने बिंग घेतली, लिंबू विसरली आणि केळ्याच्या ब्रेडची कृती समोर ठेवून त्यात खायचा सोडा सढळ हाताने घातला. कापल्यावर प्रत्येक चेरीभोवती निळसर हिरवं कडं. जेवणानंतर वीस माणसं त्या केककडे पाहत उभी होती आणि कोणीही बुरशी हा शब्द उच्चारत नव्हतं. एका काकांनी धीर करून विचारलं, “ब्लूबेरी पण घातलीय का?” वास्तविक त्यात बिघडलेलं काही नव्हतं. चेरीचा लाल रंग आंबट परिसरात लाल राहतो, सोड्याच्या सहवासात निळा-हिरवा होतो. दही किंवा लिंबू घातलं, सोड्याऐवजी बेकिंग पावडर घेतली, की हा प्रकार टळतो. पण हे रसायनशास्त्र वीस पाहुण्यांपुढे सांगणार कोण? केक तसाच राहिला. काकांनी मात्र दोन तुकडे खाल्ले. ते निवृत्त मुख्याध्यापक असल्याने कशालाही घाबरत नव्हते.

आकाराबद्दलही लोकांच्या डोक्यात महागाईच असते. अमेरिकेत चेरीचा आकार ‘रो’वर मोजतात. साडेदहा इंच रुंदीच्या खोक्यात एका ओळीत किती चेरी बसतात तो आकडा. नऊ बसल्या तर ‘नाइन रो’, बारा बसल्या तर ‘ट्वेल्व्ह रो’. आकडा जितका लहान तितकी चेरी मोठी आणि खिसा हलका. जावईबापू अर्थातच नऊवाली आणतात. पण मोठी, जड चेरी पातळ मिश्रणात घातली की सरळ तळाशी जाऊन बसते. वरचा केक कोरडा, खालचा लगदा. मैदा लावून घातली तर तरंगते असं सगळ्या कृतींमध्ये लिहिलेलं असतं. मैदा थोडा रस टिपतो, चेरीला पोहायला शिकवत नाही. मिश्रण दाट हवं आणि चेरी लहान हवी, किंवा चिरून घातलेली. बारावाली स्वस्तात घ्यावी, हे मी एकदा बोललो. जावयांनी ‘हो बाबा’ म्हटलं आणि नऊवाली घेतली.

अमेरिकन माणूस स्वतः पायसाठी गोड चेरीकडे वळूनही बघत नाही. त्याची पायची चेरी आंबट, मॉन्टमोरन्सी नावाची, आणि ती पिकते मुख्यतः मिशिगनमध्ये. जर्मन लोक ब्लॅक फॉरेस्ट केकमध्ये आंबटच घालतात आणि वर चेरीची दारू शिंपडतात. स्वित्झर्लंडमधल्या झूग गावचा चेरी केक तर याहून पुढचा. त्यात चेरी औषधालाही नसते, नुसती दारूच असते. या मंडळींनी जातीचा वाद कायमचा मिटवला.

आपण हसू नये. आमच्या पिढीची चेरीशी ओळख झाली ती पुण्याच्या बेकरीत, पेस्ट्रीच्या डोक्यावर. वाढदिवसाच्या केकवर त्या मोजून आठ असत आणि घरात मुलं अकरा. त्या चेरीसाठी मी सख्ख्या भावाशी मारामारी केलेली आहे. पुढे कळलं की ती बहुतेक वेळा चेरी नसून करवंद असतं. बिया काढून, पाकात मुरवून, लालभडक रंगात बुडवलेलं. (शेजारची टूटी-फ्रूटी म्हणजे कच्ची पपई, हेही त्याच दिवशी कळलं. तो दिवस वाईटच गेला.) हे लेकीला सांगितलं तेव्हा ती आपल्या फ्रीजमधली अमेरिकन माराशिनो चेरीची बाटली अभिमानाने दाखवू लागली. ती काय वेगळी? ओरेगनच्या कृषी महाविद्यालयात अर्नेस्ट वीगंड नावाचे प्राध्यापक १९२०च्या दशकात याच कामाला लागले होते. रॉयल अ‍ॅन चेरी खारवताना मऊ पडू नयेत म्हणून त्या पाण्यात कॅल्शियमचे क्षार घालायची युक्ती त्यांनी बसवली. आधी फळाचा स्वतःचा रंग घालवायचा, मग पाकात ठेवून बाहेरचा रंग द्यायचा. आपल्या बेकरीवाल्याने हेच केलं, फक्त त्याच्याकडे प्राध्यापक नव्हता. आणि भट्टीच्या कसोटीवर पाहिलं तर लहान, घट्ट, मुळात आंबट असं फळ त्याने निवडलं. मी आजवर खाल्लेल्या रेनियरच्या केकपेक्षा त्याची अक्कल सरस होती, असं माझं प्रामाणिक मत आहे.

भारतात बसून हे वाचणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. मेच्या मध्यापासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत काश्मीरची चेरी येते. शोपियां, गांदरबल ही तिची गावं. मिश्री, मखमली, डबल ही नावं खोक्यावर किंवा विक्रेत्याच्या तोंडी सापडतील. मखमली मऊ आणि रसाळ, ती घरी नेईपर्यंतच खावी. मिश्री घट्ट असते आणि प्रवास सोसते, म्हणून केकला ती बरी. पण ती गोड आहे हे विसरू नका, लिंबू हवंच. सगळ्यांत उत्तम उपाय म्हणजे विक्रेत्याच्या परवानगीने एक तोंडात टाकणं. खाऊन ‘वा!’ म्हणालात तर ती घरी नेऊन तशीच संपवा. तोंड जरासं वाकडं झालं तर अर्धा किलो जास्त घ्या, तीच केकची.

आणि घरात रेनियर आणलेलीच असेल, वर पाहुणे यायचे असतील, तर ती धुऊन वाडग्यात ठेवा, बियांसाठी शेजारी एक वाटी ठेवा, आणि केक करायचाच झाला तर केळ्याचा करा.